तीन यंत्रं, एकच अँटीव्हायरस

वाचकाचं पत्र:

नमस्कार. शाहूपुरीत माझा लग्नपत्रिका आणि किरकोळ छपाईचा व्यवसाय आहे, वडिलांपासूनचा. दुकानात तीन संगणक आहेत. एक विंडोज सेव्हनचा, त्यावर डिझाइनचं कोरल आणि मराठी फाँटांची श्रीलिपी. मजकूर सगळा तिथंच लागतो. दुसरा मॅक, २०१५ सालचा आयमॅक, भाच्यानं सेकंडहँड आणला, त्यावर तो डिझाइन करतो. तिसऱ्या जुन्या डब्यावर भाच्यानंच लिनक्स मिंट टाकलंय. बिलं, जीएसटी, बँक, ई-मेल त्यावर. गिऱ्हाइकं दिवसभर पेन ड्राइव्ह घेऊन येतात. संगणकवाला म्हणतो, तिन्हींना अँटीव्हायरस घ्या, तीन वर्षांचा एकदम घेतला तर स्वस्तात बसेल. भाचा म्हणतो, ‘मामा, मॅकला आणि लिनक्सला व्हायरस लागतच नाही, पैसे पाण्यात घालू नका.’ पण गेल्या आठवड्यात मॅकवर लाल पाटी आली: तुमच्या संगणकात ३ व्हायरस सापडलेत, या नंबरवर फोन करा. शिवाय हल्ली तो फार संथ चालतो. कुणाचं खरं मानायचं?
– एक छपाईवाले, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर:

आधी त्या लाल पाटीचं बोलू. बाकी सगळं उद्यावर टाकलं तरी चालेल, ते नाही.

त्या नंबरवर फोन केला नसेल तर काहीही बिघडलेलं नाही. केला असेल, पलीकडच्या माणसाच्या सांगण्यावरून मॅकवर काही उतरवून घेतलं असेल किंवा कार्डाचे आकडे वाचून दाखवले असतील, तर हे वाचणं इथंच थांबवा. मॅकचं नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर मधेच अडवले जाण्याची आशा असते. ‘संध्याकाळी दुकान बंद करून बघतो’ असं यात करू नका.

ती पाटी म्हणजे एक वेब पान, बाकी काही नाही. वेब पानाला तुमच्या संगणकाच्या पोटात शिरून व्हायरस मोजता येत नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्यानं बंद दाराकडं बघून ‘तुमच्या माजघरात तीन उंदीर आहेत’ म्हणावं, तसला प्रकार. २०११ मध्ये ‘मॅक डिफेंडर’ या नावानं हेच नाटक जगभर चाललं होतं. खोटी तपासणी दाखवायची, खोटा अँटीव्हायरस उतरवायला लावायचा आणि कार्डावर पैसे घ्यायचे. शेवटी तो काढून टाकायला ॲपलला वेगळं अपडेट द्यावं लागलं.

पाटी हलत नसेल तर कमांड, ऑप्शन आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, यादीत सफारी (मॅकचा ब्राउझर) निवडा आणि फोर्स क्विट करा. परत उघडताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे तेच पान पुन्हा डोकं वर काढणार नाही. आणि पाटी पानावर न येता पडद्याच्या कोपऱ्यात चिठ्ठीसारखी येत असेल, तर कुठल्या तरी साइटनं ‘नोटिफिकेशन पाठवू का’ विचारलं आणि दुकानातल्या गडबडीत कुणीतरी ‘हो’ दाबलं, एवढंच घडलेलं आहे. सफारीच्या प्रेफरन्सेसमध्ये वेबसाइट्स, त्यात नोटिफिकेशन्स; तिथली अनोळखी नावं काढून टाका. मला येणाऱ्या ‘मॅकला व्हायरस लागला’ या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथंच मिटतात.

आता भाचा. पोरगं अगदीच काही चुकीचं बोलत नाही.

विंडोजचा प्रोग्राम मॅकवर किंवा लिनक्सवर चालत नाही, याचं कारण उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणालाही विचारा. इंची आट्याचा बोल्ट मिलिमीटरच्या नटात बसत नाही. बोल्ट चांगला, नटही चांगला, पण आटे वेगळे. विंडोजच्या एक्झी फाइलचे (म्हणजे प्रोग्रामच्या फाइलचे) आटे विंडोजपुरतेच असतात, आणि बहुतांश व्हायरस याच आट्यांवर कापलेले आहेत, कारण जगातल्या दहा संगणकांतले सातेक विंडोजवर चालतात. व्हायरस लिहिणं हा आता रोकडा धंदा आहे. गाळा घ्यायचा तर माणूस महाद्वार रोडला घेणार, आडवाटेला नाही.

शिवाय भाच्यालाही बहुधा ठाऊक नसलेली एक गंमत आहे. मॅकला अँटीव्हायरस लागत नाही असं म्हणणाऱ्यांच्या मॅकमध्ये तो बसलेलाच असतो. ॲपलनं २००९ पासून एक्सप्रोटेक्ट नावाची तपासणी आत घातली आहे. ती पडद्यामागं चालते, तिला घड्याळाशेजारी चित्र नाही, वर्षाला पैसे मागत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. २०१२ मध्ये गेटकीपर आला, तो अनोळखी हातचा प्रोग्राम उघडायलाच हरकत घेतो. लिनक्सची तऱ्हा वेगळी. तिथं लागेल ते सॉफ्टवेअर मिंटच्या स्वतःच्या कोठारातून येतं, त्यावर सही असते आणि ती तपासली जाते. गुगलवर शोधून कुठल्याही साइटवरून काहीतरी उचलून आणायची सवय लिनक्सवाल्याला मुळातच कमी.

पण ‘लागतच नाही’ हे खोटं. घरोघरच्या छोट्या संगणकांत पसरलेल्या पहिल्या काही व्हायरसांपैकी एक ॲपलच्याच संगणकावरचा. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन पोरानं तो ॲपल टू साठी लिहिला. नाव एल्क क्लोनर. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जायचा आणि पन्नासाव्या वेळी संगणक चालू केला की कविता दाखवायचा. विंडोजवाल्यांच्या घराण्यातला पहिला प्रसिद्ध व्हायरस त्यानंतर चार वर्षांनी आला, १९८६ मध्ये, लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’. त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. व्हायरसमध्ये व्हिजिटिंग कार्ड! तुमच्या धंद्यातल्या माणसाला याचं कौतुक वाटेल.

पुढं २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या व्हायरसनं सहा लाखांवर मॅक धरले. जावा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका भगदाडातून तो आत यायचा. नुसतं एखादं बिघडवलेलं पान उघडणं पुरेसं होतं. त्याच वर्षी ॲपलनं आपल्या साइटवरचं ‘मॅकला पीसीचे व्हायरस होत नाहीत’ अशा अर्थाचं वाक्य गुपचूप उतरवलं. कंपनीनं सोडून दिलेलं वाक्य आपली पोरं अजून म्हणताहेत.

तरीही मी तुम्हाला या जुन्या नावांनी घाबरवणार नाही. आज मॅकवर येतं ते वेगळ्या जातीचं आहे, आणि तुमच्या दुकानाशी त्याचा संबंध जास्त आहे. २०२३ मध्ये ॲटॉमिक स्टीलर नावाचा प्रकार उघडकीला आला. टेलिग्रामवर तो महिना हजार डॉलर भाड्यानं मिळत होता. म्हणजे लिहिणारा एक, वापरणारे भाडेकरू. तो संगणक बिघडवत नाही, अक्षरंही उलटीपालटी करत नाही. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड, कार्डं, चालू लॉगिन उचलतो आणि निघून जातो. आत येतो कसा? फुकटच्या फोडलेल्या सॉफ्टवेअरच्या वेशात. आणि आल्यावर एक साधी चौकट दाखवतो: पुढं जाण्यासाठी मॅकचा पासवर्ड द्या. माणूस देतो. डिझाइनची घाई असते, नवरदेवाचा बाप समोर बसलेला असतो.

इथं भाच्याला एक प्रश्न विचारायला लागेल, आणि तो तुम्हीच विचारा, मी नको. त्या मॅकवरचं फोटोशॉप, इलस्ट्रेटर, ते शंभर-दोनशे फाँट कुठून आले? मी नीतीचं प्रवचन देत नाही; कोल्हापुरात डीटीपीचा धंदा कसा उभा राहिला ते मलाही ठाऊक आहे. पण क्रॅकबरोबर (फोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर) येणाऱ्या सूचनांची पहिली ओळ बहुधा ‘अँटीव्हायरस बंद करा’ अशी असते, आणि मॅकवर ‘गेटकीपर बंद करा’. तो बंद करून मग बाहेरून विकतचा पहारेकरी ठेवायचा, याला काय म्हणावं? पैसे भरायचेच तर एका खऱ्या सॉफ्टवेअरचे भरा. नसतील परवडत तर गिंप आणि इंकस्केप फुकट आहेत, आणि पत्रिकेवरचा गणपती, कलश, सनई-चौघडे त्यात मस्त होतात. भाचा नाक मुरडेल. मुरडू दे.

याच कुळातली नवी खोड सांगून ठेवतो. एखादं पान म्हणतं, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’, आणि एक ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये (यंत्राला हुकूम टाइप करायच्या खिडकीत) टाकायला सांगतं. विंडोजवर तेच ‘रन’च्या खिडकीत टाकायला लावतात. २०२४ पासून याचा सुळसुळाट झाला आहे. ती ओळ म्हणजे चोराचा हुकूम, तुम्ही स्वतः यंत्राला दिलेला. आपण स्वतःच्या हातानं टाकलेला हुकूम यंत्र निमूट पाळतं, तिथं मॅक काय आणि लिनक्स काय. तुमच्या दुकानात टर्मिनलला हात भाच्यानं लावायचा, तोही वेब पानाच्या सांगण्यावरून कधीच नाही.

बरं. आता तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द: पेन ड्राइव्ह. भाचा आणि संगणकवाला दोघंही संगणकाला काय होईल ते बोलताहेत. संगणकातून दुसऱ्याला काय जाईल ते कुणी बोलत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. बरीच वर्षं मी लिनक्सवर काम करतो आणि त्याची थोडी मिजासही होती. एका दिवाळीच्या आधी एका अंकाची पानं पेन ड्राइव्हवर घेऊन प्रेसमध्ये गेलो. वाटेत एका झेरॉक्सच्या दुकानात तोच ड्राइव्ह लावून दोन पानं काढली होती. घरी येऊन माझ्या लॅपटॉपवर दुरुस्त्या केल्या. लॅपटॉपला काहीही झालं नाही. ड्राइव्ह प्रेसच्या विंडोजला लावला, आणि अर्ध्या तासात तिथल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. अंक दोन दिवसांवर. माझ्याकडून काय आलं ते मलाच दिसलं नव्हतं, कारण माझ्या यंत्रावर ते चालतच नव्हतं. प्रेसवाले मला एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त पुढच्या खेपेला चहा सांगितला नाही. कोल्हापुरात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचं दुकान म्हणजे पेन ड्राइव्हांचा तिट्टा आहे. सकाळी बँकेचा शिपाई लेटरहेडची फाइल घेऊन येतो, दुपारी शाळेचे सर प्रगतिपुस्तकं, संध्याकाळी तालमीची पोरं मंडळाची पावती पुस्तकं. शाळेच्या ड्राइव्हमधलं शेवाळ तालमीच्या ड्राइव्हवर जाऊन बसलं तर दोष मॅकचा नाही, लिनक्सचा नाही, पण नाव दुकानाचं जातं.

म्हणून माझा सल्ला, आणि पत्रातल्या प्रश्नाचं हेच खरं उत्तर: तो जुना लिनक्सचा डबा तुमच्या दुकानाचा उंबरा करा. गिऱ्हाइकाचा कुठलाही ड्राइव्ह आधी त्याला लागेल, दुसऱ्या कशालाच नाही. भाच्याला त्यावर क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस टाकायला सांगा. फुकट आहे, मिंटच्या कोठारातच मिळतं. हे जगभर मुख्यतः ई-मेलच्या सर्व्हरवर वापरलं जातं, तेही येणाऱ्या टपालातले विंडोजचे व्हायरस धरायला. म्हणजे तुम्हाला हवंय तेच काम. ड्राइव्ह लावायचा, तपासायचा, लागेल ती सीडीआर (कोरलची फाइल), पीडीएफ किंवा फोटो तेवढाच उचलायचा, बाकीच्या पसाऱ्याला हात लावायचा नाही. क्लॅमएव्ही सगळंच धरतं असं नाही, विकतच्यांपेक्षा त्याची नजर थोडी अधूच आहे; पण एक्झीला मुळातच न जुमानणाऱ्या यंत्रावर बसून आपण निवडकच फाइल उचलतोय, हा अर्धा बचाव तिथंच झाला.

याचा एक फायदा गिऱ्हाइकाला दाखवून खूश करण्यासारखा आहे. शॉर्टकट व्हायरस फोल्डर पुसत नाही, लपवतो आणि त्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. विंडोजवर माणसाला वाटतं, सगळं गेलं. लिनक्सवर तोच ड्राइव्ह लावला की लपवलेली फोल्डरं सरळ समोर दिसतात, कारण विंडोजची ती लपवाछपवीची खूण लिनक्स सहसा मानतच नाही. पोरीच्या लग्नाचे फोटो गेले म्हणून रडवेल्या झालेल्या माणसाला ते एका मिनिटात परत दाखवलेत, तर पत्रिका कुठं छापायची हा प्रश्न त्याच्या घरात पुन्हा निघणार नाही.

तपासून झालेली फाइल बाकीच्या दोन संगणकांवर न्यायला दुकानाचा स्वतःचा एक ड्राइव्ह ठेवा. त्याला लाल टिकली चिकटवा. तो दुकानाबाहेर जाणार नाही आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडणार नाही. भाच्याच्या खिशातही जाणार नाही.

लिनक्सच्या बाबतीत भाच्याला दोनच गोष्टी ऐकवा, म्हणजे फार ताठणार नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटची साइट फोडली गेली होती आणि त्या दिवशी मिंट उतरवून घेणाऱ्यांतल्या काहींना मागचं दार (चोराला गुपचूप आत येता येईल अशी वाट) असलेली प्रत मिळाली. आणि २०२५ मध्ये आपल्याच देशात, सरकारी कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या बॉस लिनक्सवर नेम धरून ई-मेलनं अशा फाइली पाठवल्या गेल्या की दिसायला पीडीएफ, आतून हुकूमनामा. कमी वापराच्या यंत्रावर गर्दीतले खिसेकापू येत नाहीत हे खरं, पण जो येतो तो घर बघून, पत्ता विचारून येतो. तुमच्या ई-मेलवर दिवसाला दहा पीडीएफ येत असतील. प्रूफ म्हणून आलेली फाइल ‘चालवू का’ असं विचारायला लागली तर ती प्रूफ नाही. मिंटच्या खालच्या पट्टीत ढालीचं चित्र असतं, त्यावर ठिपका दिसला की अपडेट आलंय. ते त्याच दिवशी करून टाका. विकतचा अँटीव्हायरस इथं नको.

बँकेचं आणि जीएसटीचं काम याच डब्यावर होतं, तेव्हा एक खबरदारी. त्यासाठी फायरफॉक्समध्ये वेगळं प्रोफाइल करून घ्या, त्यात दुसरं काही उघडायचं नाही, एक्स्टेन्शन एकही नको. बँकेचा पत्ता ई-मेलमधल्या दुव्यावरून नाही, स्वतः टाइप करून उघडा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, तेव्हा पत्त्याची शेपटी बघायची सवय लावून घ्या. खोट्या पानावर आपण पासवर्ड टाकायला लागलो की कुठलंही यंत्र हात धरेल याची खात्री नसते.

विंडोज सेव्हन. मला खरी काळजी वाटते ती याची, आणि पत्रात तुम्ही त्याबद्दल एक अक्षरही विचारलेलं नाही! त्याचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला बंद केला. त्यानंतर सापडलेली भगदाडं तशीच उघडी आहेत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला तेव्हा सापडलेले बहुतांश संगणक विंडोज सेव्हनचेच होते, आणि तेव्हा तर पाठिंबा चालू होता. दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती, लोकांनी घातली नव्हती. तुमच्या यंत्राला आता दुरुस्ती येणारच नाही. पण ‘फेकून द्या’ असं मी म्हणणार नाही. तुमच्या जुन्या श्रीलिपीच्या फाइली, वडिलांच्या काळापासूनचे साचे, तो जुना कोरल, हे सगळं नव्या विंडोजवर उचलून नेलं की जोडाक्षरं कशी फुटतात ते मी पाहिलंय. तेव्हा ते यंत्र राहू दे, पण त्याची नेटची वायर आजच काढा. नुसती काढून टेबलामागं टाकू नका, कुणीतरी परत लावतं. वायरच कपाटात ठेवा. वायफायचा डोंगल असेल तोही. दुकानातल्या बाकीच्या संगणकांशी फाइली शेअर करत असेल तर तेही बंद. त्याच्याकडं काही जाईल ते फक्त लाल टिकलीच्या ड्राइव्हवरून.

आणि अँटीव्हायरसचे पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करा. एक परवाना, तीन नाहीत. घेताना संगणकवाल्याला दोन गोष्टी बिलावर लिहून द्यायला सांगा: हा विंडोज सेव्हनवर चालतो, आणि नेट नसताना याची नवी यादी फाइलवरून भरता येते. कारण अँटीव्हायरस मुख्यतः चौकीतल्या फरारी गुन्हेगारांच्या फोटोफलकासारखा असतो. फलकावर जुनेच फोटो राहिले तर नवा चोर समोरून सलाम करून जाईल. काही कंपन्या अशी फाइल देतात, भाच्यानं दर सोमवारी ती आणून भरायची. संगणकवाला लिहून द्यायला का-कू करायला लागला तर दुसरा बघा. तो लबाड आहे असं नाही. तीन विकले तर त्याला तिप्पट मिळतात, एवढंच. त्याचंही पोट आहे.

मॅककडं परत येऊ. त्याला विकतचा अँटीव्हायरस नको, पण ‘मॅक आहे, सुरक्षित आहे’ हेही नको. २०१५ च्या आयमॅकवर ॲपलची माँटेरेपर्यंतचीच आवृत्ती अधिकृतपणे चढते, आणि माँटेरेला सुरक्षेची अपडेटं २०२४ नंतर आलेली नाहीत. तुमच्या विंडोज सेव्हनची जी गत, तीच याची, फक्त चार-पाच वर्षं उशिरा. भाच्यानं डिझाइन करावं, फाँट बघावेत, पण त्यावर बँक नाही, जीएसटी नाही, दुकानाचं मुख्य ई-मेल नाही. सफारीऐवजी फायरफॉक्स वापरा. जुन्या मॅकवर तो बराच काळ नवा होत राहतो. सफारीत आतापर्यंत जपलेले पासवर्ड असतील ते काढून टाका आणि लाल पाटीच्या प्रकरणामुळं मनात शंका असेल तर ते पासवर्ड बदलाही. बदलताना मॅकवर नाही, लिनक्सवर बसून बदला.

बॅकअपचं तुम्ही विचारलं नाही, पण शाहूपुरीतल्या माणसाला मी ते न सांगता सोडणार नाही. खंडणीखोर व्हायरस फाइली कुलूपबंद करून पैसे मागतो. त्यावर चालणारा एकच खात्रीचा उपाय म्हणजे दुसरीकडं ठेवलेली प्रत. पण माझ्या ओळखीच्या दुकानदारांत व्हायरसनं नेलेल्या फाइलींपेक्षा पंचगंगेनं नेलेल्या जास्त निघतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ च्या वर गेलं होतं. कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. बॅकअपची हार्ड डिस्क टेबलाच्या खालच्या खणात, संगणकाच्या शेजारी. दोन्ही एकदम बुडाली. दोन डिस्क घ्या. एक आठवडाभर दुकानात, दुसरी घरी, वरच्या मजल्यावर, शनिवारी अदलाबदल. मॅकसाठी टाइम मशीन हा बॅकअपचा प्रोग्राम आत आहेच. विंडोजच्या सीडीआर फाइली लाल टिकलीवरून लिनक्सवर आणि तिथून डिस्कवर. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची; लागलेली डिस्क व्हायरसलाही लागलेलीच असते.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्या धंद्याची आहे म्हणून. व्हॉट्सॲपवर हल्ली लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल फिरते. उघडली की अँड्रॉइड फोनमध्ये एक ॲप बसतं आणि बँकेचे ओटीपी वाचायला लागतं. ‘आग्रहाचं निमंत्रण’ म्हणून लोक बिनधास्त दाबतात. तुमच्या गिऱ्हाइकांना पत्रिकेची डिजिटल प्रत देताना सांगत जा: आमच्याकडची पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, एपीके कधीच नाही. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात छापायलाही हरकत नाही, दुकानाच्या नावाखाली तेवढी जागा असते. तुमच्या तीन संगणकांची आपण एवढी चर्चा केली, पण दुकानातले सगळ्यांत उघडे संगणक तुमच्या आणि भाच्याच्या खिशात आहेत.

राहिला मॅकचा संथपणा. तो व्हायरसमुळं नसावा. त्या वर्षीच्या लहान आयमॅकमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडीची हार्ड डिस्क असायची, आणि तुमचा सेकंडहँड. ॲपलच्या खुणेवर टिचकी मारून ‘अबाउट धिस मॅक’मध्ये स्टोरेज बघा. डिस्क गच्च भरलेली असेल तर भाच्यानं उतरवलेले फाँट आणि जुन्या सीझनची डिझाइनं आधी बाहेर काढा. तरीही रेंगाळला तर राजारामपुरीत कुणाकडूनही एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. काच डिंकानं चिकटवलेली असते, ती उघडायला सराव लागतो. म्हणून बसवणाऱ्याला आधी विचारा, आजवर किती आयमॅक उघडलेस. ‘पहिलाच आहे, पण जमेल की’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

अँटीव्हायरसच्या दोन परवान्यांचे वाचलेले पैसे त्या कामाला घालता येतील.